आत्ता डाव कोणाचा?

मॉर्डहाऊ नव्यानं घेतलेला माणूस साधारण एकाच पद्धतीनं मरतो. समोर चिलखतातला कोणीतरी दिसतो, हा माऊसचं डावं बटण दाबत सुटतो, दोन वार हवेत जातात, तिसरा समोरचा अडवतो आणि पुढच्या अर्ध्या सेकंदात याचं मुंडकं गवतात घरंगळत जातं. परत जन्म, परत धाव, परत तेच. चार-आठ दिवस असे गेले की तो दोनपैकी एका निष्कर्षावर येतो. एक, समोरचे चीटिंग करतात. दोन, आपले हात आता पहिल्यासारखे चालत नाहीत.

दोन्ही बहुतेक वेळा खोटं असतं. हा खेळ बघताना हातांच्या वेगाचा वाटतो, पण चालतो क्रमावर. कोणत्याही क्षणी दोघांपैकी एकाचा डाव असतो आणि दुसऱ्यानं तेव्हा अडवायचं असतं. हरणारा माणूस बहुधा दुसऱ्याच्या डावात वार करत असतो. एवढं एक डोक्यात बसलं की ड्रॅग, मॉर्फ, चेंबर या सगळ्या युक्त्या आपापल्या जागी जाऊन बसतात. ते बसलं नाही, तर युक्त्या शिकूनही माणूस तिथेच मरतो, फक्त जरा झोकात.

मॉर्डहाऊ हा स्लोव्हेनियातल्या ट्रायटर्निअन नावाच्या छोट्या चमूचा खेळ. २०१७ साली किकस्टार्टरवर लोकवर्गणी काढून त्यांनी तो पुढे नेला आणि २९ एप्रिल २०१९ रोजी बाजारात आणला. मध्ययुगीन युरोपातली शस्त्रं, चिलखतं, किल्ले आणि मोठ्या नकाशांवर ६४ किंवा त्याहूनही जास्त माणसांची एकत्र मारामारी, असा एकूण मामला. तुम्हाला निदान बटणं माहीत आहेत असं धरून मी पुढचं लिहितो आहे: माऊस जिकडे सरकवाल त्या दिशेचा वार, वेगळ्या बटणानं भोसकणं, उजव्या बटणानं अडवणं, लाथ, आणि क्यू दाबून सुरू केलेला वार मागे घेणं. ही ओळख अजून झाली नसेल तर आधी गेममधलं प्रशिक्षण उरका. कंटाळवाणं आहे, पण संपतं लवकर.

प्रत्येक वाराचे तीन तुकडे असतात. शस्त्र मागे नेऊन उगारलं जातं तो वाइंडअप. पातं पुढे येतं आणि लागू शकतं तो रिलीज. वार संपल्यावर हात जागेवर येईपर्यंतचा वेळ म्हणजे रिकव्हरी. डाव कोणाचा, हे या तुकड्यांवरून ठरतं. तुमचा वार समोरच्याला लागला तर त्याचं उगारलेलं शस्त्र तिथेच ढळतं, म्हणजे डाव तुमच्याकडेच राहिला. पुढचा वार जोडा, अडवायचं काम त्याचं. तुमचा वार त्यानं अडवला, तर डाव त्याचा. तुमचा वार हवेत गेला आणि तो टप्प्यात असेल, तरीही डाव त्याचाच, कारण हवेतल्या वाराला जोडून येणारा दुसरा वार उशिरा येतो आणि मधल्या फटीत तो तुम्हाला सहज गाठतो. तुम्ही हूल दिली आणि तो फसून रिकामाच अडवत बसला, तर डाव तुमचा.

अडवल्याबरोबर लगेच केलेल्या वाराला खेळाडू रिपोस्ट म्हणतात. याचा गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. साधा वार उगारलेला असताना तुम्हाला फटका बसला तर तुमचा वार मोडतो. रिपोस्ट मोडत नाही. म्हणजे तुमचा वार अडवला गेल्यावर तुम्ही हट्टानं पुन्हा डावं बटण दाबलंत, तर तुमचा वार त्याला लागो न लागो, त्याचा मात्र तुम्हाला लागणारच. नवखे मरतात ते नेमके इथे. वार अडवला गेल्याचा आवाज झाला की बोट डाव्या बटणावरून उजव्यावर गेलं पाहिजे. हे इतकं यांत्रिक झालं पाहिजे की जेवता जेवताही ताटात चमचा वाजला तर उजवं बोट हलावं.

दुसऱ्याच्या डावात केलेल्या वाराला इंग्रजीतून आलेला शब्द आहे गॅम्बल, म्हणजे सरळ जुगार. तो कधीकधी फळतोही, कारण समोरचा बेसावध असतो किंवा प्रतिवार करायला विसरतो. चांगले खेळाडूसुद्धा अधूनमधून जुगार खेळतात. पण आपण जुगार खेळतो आहोत हे त्यांना माहीत असतं, आणि तुम्हाला-मला बहुतेक वेळा नसतं. गंमत म्हणजे ही डावाची कल्पना गेम बनवणाऱ्यांची नाही. चौदाव्या शतकातल्या योहानेस लिश्टेनाउअर या जर्मन उस्तादाच्या परंपरेत ‘आधी’ कोण आणि ‘नंतर’ कोण, पुढाकार कोणाच्या हाती आणि तो हिसकावायचा कसा, यावरच सारी शिकवण उभी आहे. चिलखतवाल्याशी लढताना तलवार पात्याकडून धरून मुठीकडची बाजू हाणायची, हा डावही त्याच काळातल्या हस्तलिखितांमध्ये चितारलेला सापडतो. गेमला नाव त्याच डावाचं आहे, आणि लाँगस्वर्डची पकड बदललीत की तो तुम्हालाही करता येतो.

आता एक झटापट जवळून पाहू. ड्युएल सर्व्हरवर तुम्ही लाँगस्वर्ड घेऊन उभे आहात, समोर मेसरवाला. मेसरचा घाव जबर. तो उजवीकडून आडवा वार उगारतो. तुमचं बोट उजव्या बटणावर शिवशिवतं. दाबू नका. पातं सुटतं, पण तो अंग उलट दिशेला वळवतो, त्यामुळे ते लांबून, रेंगाळत येतं. आधीच्या क्षणी दाबलं असतंत तर तुमचं अडवणं एव्हाना संपून गेलं असतं आणि तुम्ही उघडे पडला असता. तुमची नजर त्याच्या शिरस्त्राणावर नाही, पात्याच्या टोकावर आहे. टोक हातभर अंतरावर आलं, आता दाबा. खण्ण. डाव तुमचा. विचार न करता लगेच डावं बटण, वार डोक्याच्या रोखानं. त्यानंही तो अडवला. डाव त्याचा. आता तुमच्या डाव्या बोटाला काहीही काम नाही. तो वरून वार उगारतो, मागे घेतो आणि थांबतो. ती हूल होती. तुम्ही दाबलं नाही, म्हणून तो चरफडतो आणि घाईनं भोसकायला जातो. अर्धं पाऊल मागे. त्याचं टोक तुमच्या छातीपुढे वीतभर येऊन संपतं. त्याचा वार हवेत गेला, डाव तुमचा, आणि या वेळी तुमच्या वारापुढे त्याच्याकडे वेळच नाही.

ही सारी झटापट पाच-सहा सेकंदांची. यात तुम्ही केलेले वार दोन, आणि न दाबलेली बटणं त्याहून जास्त.

अडवण्याबद्दल आणखी सांगायला हवं, कारण नव्वद टक्के सुधारणा इथेच आहे असं माझं ठाम मत आहे. ढाल नसेल तर या खेळात उजवं बटण दाबून धरण्याचा उपयोग नाही. अडवणं अगदी थोडा वेळ टिकतं, आणि रिकामं गेलं तर पुन्हा अडवता येण्याआधी एक छोटी गॅप पडते. त्या गॅपमध्येच माणसं मरतात. दुसरं असं की अडवणं चारी बाजूंना लागू नसतं. तुम्ही जिकडे पाहता त्या बाजूचंच संरक्षण मिळतं. वार खालून येत असेल तर नजर थोडी खाली, वरून येत असेल तर वर, बाजूनं वळसा घालून येत असेल तर तिकडे वळायचं. समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहण्याची आपली सवय इथे घातक ठरते, कारण त्याचं शरीर तुम्हाला फसवण्यासाठीच हलत असतं. कंबर वळेल, मान खाली जाईल, तो चक्क पाठ फिरवल्यासारखं करेल. पातं मात्र शेवटी तुमच्याकडेच येणार. म्हणून नजर टोकावर.

मग प्रश्न उरतो वेगाचा. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत निरोगी माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. त्यातही आधी निवड करायची असेल, म्हणजे हे खरं की हूल, वार की भोसकणं, तर वेळ आणखी वाढतो. पर्याय जितके जास्त तितका निर्णय उशिरा, हे विल्यम हिक या मानसशास्त्रज्ञानं १९५२ सालीच दाखवून दिलं होतं. या खेळातले वार उगारायला अर्ध्या सेकंदाच्या आगेमागे वेळ घेतात. म्हणजे हिशेब घट्ट आहे, पण अशक्य नाही. मात्र उगारलेलं शस्त्र दिसल्याबरोबर ‘हे काय असेल?’ असं कोडं सोडवत बसलात तर हिशेब जुळत नाही.

इथे गेमचाच एक नियम मदतीला येतो. वार मागे घेता येतो तो फक्त वाइंडअपमध्ये. वाराचं भोसकण्यात रूपांतर, ज्याला मॉर्फ म्हणतात, तेही वाइंडअपमध्येच. एकदा पातं सुटलं की ते परत जात नाही. तेव्हा हूल ओळखायचा प्रयत्नच सोडून द्या. उगारलेल्या शस्त्राला काहीही उत्तर द्यायचं नाही, सुटलेल्या पात्याला द्यायचं, असं स्वतःला बजावा. कोडं आपोआप संपतं.

याला एक अडचण आहे आणि ती खरी आहे: अगदी जवळून आलेला वेगवान वार सुटल्यानंतर इतक्या लवकर पोचतो की बघून अडवायला वेळच उरत नाही. म्हणून अंतर महत्त्वाचं. पायांनी एक पाऊल मागे मिळवलंत की तेवढा वेळ डोळ्यांना मिळतो. छातीला छाती भिडवून लढणारे लोक नेमका तोच वेळ तुमच्याकडून काढून घेत असतात.

अंतर राखायचं म्हणजे नुसतं मागे पळायचं असं नव्हे. या खेळात उलटं चालण्याचा वेग पुढे येण्याच्या वेगापेक्षा कमी आहे, त्यामुळे सरळ मागे जाणारा गाठला जातोच. मागे एक पाऊल, मग बाजूला, मग त्याचा वार हवेत गेला की पुढे. आडवा वार ज्या बाजूनं येतो तिच्या उलट बाजूला सरकलात तर पातं उशिरा पोचतं, तिच्याकडे सरकलात तर लवकर. दोन्हींचा उपयोग आहे: उशिरा पोचणारा वार टाळता येतो, लवकर पोचणारा नेमका ओळखता येतो. खाली वाकून वरचा आडवा वार डोक्यावरून जाऊ देणं हेही शिकून घ्या, पण उशिरा. वाकण्याचा नाद लागलेला माणूस अडवणं विसरतो.

हूल आपण कधी द्यायची? कबड्डीत चढाईला आलेला खेळाडू पहिल्याच पावलाला पायाची हूल देत नाही. आधी दोनदा खरी धडक मारून समोरच्यांना त्याची सवय लावतो. इथे तसंच करा. उजवीकडचा आडवा वार दोनदा खराखुरा करा, तिसऱ्या वेळी तोच उगारा आणि क्यू दाबा. जो माणूस प्रत्येक उगारण्यावर अडवतो तो हमखास अडकतो. जो शांत उभा राहून टोक पाहतो त्याच्यावर हूल वाया जाते, शिवाय तुमचा दम खर्च होतो. त्याच्यासाठी औषध वेगळं.

ते औषध म्हणजे वाराचा वेळ बदलणं. पातं सुटलेलं असताना तुम्ही माऊसनं अंग वळवू शकता. उजवीकडून डावीकडे जाणारा वार करताना अंगही डावीकडे झटकलंत तर पातं अपेक्षेपेक्षा लवकर लागतं, याला ॲक्सेल म्हणतात. आधी उजवीकडे वळून मग आणलंत तर तेच पातं उशिरा लागतं, हा ड्रॅग. वरून येणाऱ्या वारात हेच काम नजर खाली-वर करून होतं. गेमनं वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली आहे, त्यामुळे भिंगरीसारखं फिरता येत नाही, आणि ते बरंच आहे. नव्यानं ड्रॅग शिकलेला माणूस सगळेच वार ड्रॅग करतो. मग समोरचा फक्त एक श्वास जास्त थांबतो आणि सगळे वार अडवतो. तेव्हा एकच वार, उदाहरणार्थ खालून उजवीकडचा, दोन वेगांनी करायला शिका, एक झटकन आणि एक रेंगाळत. उगारणं दोन्हींचं हुबेहूब सारखं दिसलं पाहिजे. असा एकच वार हाताशी असला तरी महिनाभर पुरतो.

चेंबर म्हणजे समोरच्याचा वार लागायच्या ऐन क्षणी त्याच बाजूचा, तशाच जातीचा वार सुरू करून तो निष्प्रभ करणं आणि त्याच दमात आपला वार चालू ठेवणं. दिसायला फार देखणं असतं, आणि म्हणूनच लोक ते नको तितक्या लवकर शिकायला जातात. शिकायचंच तर भोसकण्याच्या चेंबरपासून सुरुवात करा. तिथे कोन जुळवायची कटकट नाही, नेम त्याच्या टोकाशी ठेवला की झालं. आडव्या वारांचे चेंबर नंतर. अडवणं पक्कं होण्याआधी नकोच.

दमाकडे नवखे पाहतच नाहीत. वार हवेत गेला की दम जातो, हूल आणि मॉर्फला जातो, अडवलं तरी जातो, आणि समोरचं शस्त्र जड असेल तर जास्त जातो. वार लागला की थोडा परत मिळतो. दम संपलेल्या अवस्थेत अडवलंत तर शस्त्र हातातून उडून जातं. मग मुठी, कमरेची कट्यार किंवा जमिनीवर पडलेलं दुसऱ्याचं काहीही. दम कमी दिसला की हुली बंद, अंतर वाढवा, त्याला हवेत वार करू द्या. समोरचा सारखी हूल देतोय असं वाटलं तर चिडू नका. तो त्याचा दम तुम्हाला फुकट देतोय.

शस्त्र कोणतं घ्यावं यावर तासन्‌तास वाद चालतात. सुरुवातीला लाँगस्वर्ड घ्या आणि वाद सोडा. त्याची लांबी, वेग आणि घाव सगळं मध्यम आहे, भोसकताही येतं आणि कापताही. १६ गुणांत शस्त्र, चिलखत आणि खास गुण बसवायचे असतात. डोक्याला आणि छातीला चांगलं चिलखत, पायांना हलकं, ही रचना शिकाऊ माणसाला बरी पडते. भारी चिलखतानं चाल मंदावते हे लक्षात ठेवा. मॉल नावाचा प्रचंड हातोडा मोहात पाडतो, कारण डोक्यात बसला की बहुतेक वेळा एका घावात काम होतं. तो नेऊन एखादी संध्याकाळ मजा करायला हरकत नाही, पण त्यानं शिकणं होत नाही. एका घावाची वाट पाहण्याची खोड लागते. ढालीबद्दल माझं मत आणखी कडवट आहे. धरून ठेवता येणारी ढाल तुम्हाला वेळ ओळखण्यापासून सोडवते, आणि वेळ ओळखणं हेच तर शिकायचं आहे. समोर ढालवाला आला तर लाथ हे त्याचं उत्तर. धरून ठेवलेल्या ढालीवर लाथ बसली की ती बाजूला होते. मात्र चुकलेली लाथ म्हणजे तुम्ही एका पायावर उभे, म्हणून अगदी जवळ असल्याशिवाय उचलू नका.

फ्रंटलाइन किंवा इन्व्हेजनसारख्या मोठ्या लढाईत आणखी एक भानगड असते, ती म्हणजे आपलीच माणसं. आपल्या वारानं आपलाही जखमी होतो. गर्दीत आडवे वार म्हणजे मित्राच्या पाठीत तलवार. तिथे भोसकणं आणि वरून येणारा वार वापरा. मित्र कोणाशी लढत असेल तर त्याच्या मागून घुसू नका, शत्रूच्या दुसऱ्या बाजूला जा. आणि चॅटमध्ये शिव्या येणारच. ते खिडकीतून दिसणाऱ्या वाहतुकीइतकंच मनावर घ्यायचं, नाहीतर म्यूट करायचं.

एकटे असताना तिघं अंगावर आले तर? पहिलं, कोणालाही पाठीमागे जाऊ देऊ नका. सतत अशा बाजूला सरका की ते एकामागे एक ओळीत येतील आणि मागचा पुढच्याच्या अंगावर वार करायला घाबरेल. दुसरं, अडवणं यशस्वी झालं की त्याचं संरक्षण पुढचा क्षणभर टिकतं, त्यामुळे एकाच वेळी आलेले दोन वार कधीकधी एकाच अडवण्यात निघतात. तिसरं, आणि हे खरं गुपित: एकाचा वार अडवा, पण रिपोस्ट दुसऱ्यावर करा. ज्याचा वार अडवला तो अडवायच्या तयारीतच असतो. शेजारचा नुकता शस्त्र उगारत असतो, आणि मोडणारा वार त्याचा असतो, तुमचा नाही. कोल्हापूरकडचे मर्दानी खेळ पाहिलेल्यांना यातला एक भाग ओळखीचा वाटेल: दांडपट्टेवाला एका जागी ठाण मांडून लढत नाही, पवित्रे बदलत सारखा फिरत राहतो आणि घोळक्याला जवळ येऊ देत नाही. इथे पात्याचा तसा घेर मिळत नाही, पण पाय तसेच चालवता येतात.

आता भारतातून खेळणाऱ्यांची खास तक्रार, पिंग. फायबर केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, मुंबई ते फ्रँकफर्ट सुमारे ६,५०० किलोमीटर. म्हणजे केबल अगदी सरळ टाकली असती तरी जाऊन येऊन अनुक्रमे ४० आणि ६५ मिलिसेकंद लागलेच असते. केबल सरळ नसते, मधे टप्पे असतात, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याच्या दीड-दोन पट निघतो. हे भौतिकशास्त्र आहे, इंटरनेटवाल्याला फोन करून कमी होत नाही. कमी करता येतो तो चढउतार. वाय-फाय सोडून लॅन केबल लावा, घरात कोणी मालिका लावली किंवा फोनचा बॅकअप सुरू झाला की उसळणारा पिंग आटोक्यात येतो. स्थिर ११० पिंगवर हात सवय लावून घेतो, थोडं आधी अडवायला शिकतो. ६० ते १८० असा नाचणारा पिंग मात्र काहीच शिकू देत नाही. त्यामुळे सर्व्हरच्या यादीत सगळ्यात कमी आकडा शोधण्यापेक्षा सगळ्यात स्थिर शोधा. फ्रेम-रेटचंही तसंच: सावल्या आणि गवत कमी करा, चित्र जरा ओबडधोबड दिसेल, पण टोक दिसेल. आणि हूल व लाथ माऊसच्या अंगठ्याकडच्या बटणांवर घ्या. चालण्याच्या बोटांना क्यू दाबायला पाठवलं की पाय थांबतात.

सरावाबद्दल. नुसतं खेळत राहिल्यानं माणूस एका पातळीवर येऊन थांबतो, मग वर्षानुवर्षं तिथेच. ड्युएल सर्व्हरवर जा, कोणासमोर तरी शस्त्र मिरवून आव्हान द्या, आणि तुम्हाला हरवणारा सापडला की त्याच्याशीच पुन्हा पुन्हा खेळा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. बसताना एकच गोष्ट ठरवा: आज फक्त रिपोस्ट, स्वतःहून पहिला वार नाही. किंवा आज हूल अजिबात नाही. किंवा आज एकही वार हवेत जाऊ द्यायचा नाही. हराल, पण कशामुळे हरलात ते समजेल. बॉट्सचा उपयोग पायांसाठी आहे, वेळेसाठी नाही. त्यांना माणसांसारखं फसवता येत नाही.

ओबीएस हे फुकट सॉफ्टवेअर लावून अर्धा तास खेळ रेकॉर्ड करा आणि फक्त स्वतःचे मृत्यू पाव वेगानं पाहा. प्रत्येकापुढे कागदावर एक शब्द लिहा: ‘घाईनं अडवलं’, ‘दुसऱ्याचा डाव’, ‘दम’, ‘मागून’, ‘नजर’. पहिल्या कागदावर पहिले दोन शब्दच बहुतेक जागा खातात. महिन्याभरानं ‘नजर’ आणि ‘दम’ वाढले असतील तर ती प्रगती समजा. चुका वरच्या वर्गात गेल्या आहेत. मनगट दुखू लागलं की मात्र उठा. ड्रॅगच्या नादात हात झटकण्याची सवय लागते आणि ती कीबोर्डवर दिवसभर काम करणाऱ्याला महागात पडते.

इथे शिकलेलं दुसरीकडे किती चालतं, हे मित्र विचारतात. टोराँटोच्या टॉर्न बॅनरचा शिव्हलरी २, जो २०२१ च्या जूनमध्ये आला, तिथे ढाल नसतानाही अडवणं धरून ठेवता येतं. त्यामुळे एकट्यानं चौघांसमोर टिकणं सोपं, पण समोरच्याच्याच जातीचा वार करून त्याचा वार उधळायची पद्धत वेगळी आणि जॅबसारखे नवे झटके शिकावे लागतात. डाव आणि अंतर मात्र जसंच्या तसं. अंकाऱ्याच्या टेलवर्ल्ड्सच्या २०१० सालच्या माउंट अँड ब्लेड: वॉरबँडमध्ये अडवायची दिशाही निवडावी लागते, चारपैकी बरोबर ती, वेळेपेक्षा दिशा वाचणं तिथे मोठं. मॉर्डहाऊवरून तिकडे गेलात तर पहिले दोन-तीन दिवस उजवं बटण नुसतं टिचकीसारखं दाबून सोडून द्याल आणि मराल. तिथे ते धरून ठेवायचं असतं.